मंदीत वेळ असतो, सीझनमध्ये पैसा. मग दुकानातल्या कॉम्प्युटरकडे बघायचं कधी?

गेल्या वर्षीची ३ सप्टेंबरची रात्र आठवते का? दहा दिवसांचे गणपती अजून घरात होते आणि टीव्हीवर अर्थमंत्री निर्मला सीतारामन जीएसटी परिषदेच्या ५६व्या बैठकीचे निर्णय सांगत होत्या. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाणार. बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत येणार. मोजक्या वस्तूंवर ४० टक्के लागणार. आणि यातलं बहुतेक सगळं लागू होणार २२ सप्टेंबरला, म्हणजे थेट घटस्थापनेच्या दिवशी.

आपल्यासाठी ती 'काय स्वस्त होणार' याची बातमी होती. आपण याद्या शेअर केल्या, मीम्स केले आणि झोपलो. दुकानदारासाठी मात्र त्या बातमीचा अर्थ वेगळा होता. पुढच्या १९ दिवसांत बिलिंगच्या कॉम्प्युटरमधल्या जवळपास प्रत्येक वस्तूचा दर तपासायचा, बदलायचा आणि नवरात्राच्या पहिल्या सकाळी बिल बरोबर निघालं पाहिजे.

आता कॅलेंडर बघा. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली. त्यानंतर पितृपक्ष लागला. २१ तारखेला सर्वपित्री अमावस्या झाली आणि २२ला नवे दर आले. म्हणजे ज्या पंधरवड्यात सोनं, गाडी, कपडे यांची खरेदी लोक टाळतात, नेमका तोच पंधरवडा व्यापाऱ्यांना तयारीसाठी मिळाला.

माझ्या मामाचं कापडाचं दुकान आहे. त्या पंधरवड्यात तो निवांत असेल म्हणून मी फोन केला, तर तो वैतागलेला. कारण दर बदलायला बसल्यावर त्याला कळलं, की बिलिंगचा ॲडमिन पासवर्ड दुकानात कोणालाच माहीत नाही. तो होता दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुलाकडे.

मुलगा चांगला होता. फोन उचलला, पासवर्ड सांगितला. पासवर्ड काय? दुकानाचं नाव आणि पुढे १२३. मामा हसला, पण नंतर म्हणाला, "हे धनत्रयोदशीला कळलं असतं तर?"

आजचा विषय मामाचा हाच प्रश्न आहे. छोट्या धंद्यातल्या तंत्रज्ञानाची पाहणी कधी करायची, त्यात नेमकं काय बघायचं आणि यंदा ती करणं जास्त गरजेचं का आहे, हे समजून घेऊ.

आधी बघू, २२ सप्टेंबरला अवघड काय होतं?

वरवर बघितलं तर काम सोपं वाटतं. १२ खोडायचे आणि ५ लिहायचे. पण कापडाच्या दुकानाचं उदाहरण घ्या.

आधी १,००० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के जीएसटी होता. नव्या रचनेत ही मर्यादा २,५०० रुपयांवर गेली. तिथपर्यंत ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे १,५०० रुपयांच्या शर्टाचा कर १२ वरून ५ वर आला. पण ३,००० रुपयांच्या शेरवानीचा १२ वरून १८ वर गेला. एकाच रॅकवरचे दोन कपडे, एकाचा कर उतरला आणि दुसऱ्याचा चढला. सरसकट '१२ च्या जागी ५' करून टाकणाऱ्याचं बिल तिथंच चुकलं असणार.

किराणा दुकानात साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ वर आलं. तूप, लोणी, फरसाण १२ वरून ५ वर. स्टेशनरीच्या दुकानात वह्या, पेन्सिली, खोडरबर शून्यावर. शिवाय २० सप्टेंबरला विकलेला माल गिऱ्हाईक २५ला परत घेऊन आलं, तर त्याची क्रेडिट नोट मूळ बिलाच्या म्हणजे जुन्याच दराने करायची.

ज्या दुकानात सॉफ्टवेअर अधिकृत होतं, अपडेट येत होतं आणि ते कसं वापरायचं हे निदान दोघांना माहीत होतं, तिथे हे दोन-चार संध्याकाळचं काम होतं. जिथे सॉफ्टवेअर कोणीतरी 'क्रॅक' करून टाकलेलं होतं, तिथे अपडेट येण्याचा प्रश्नच नव्हता. आणि जिथे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात होतं, तिथे त्या माणसाचा फोन लागतो का यावर दुकानाचं नवरात्र अवलंबून होतं.

म्हणजे खरी अडचण कराच्या नियमात नव्हती. आपल्याच दुकानात काय चालू आहे हे मालकाला माहीत नसणं, ही अडचण होती.

मंदीतच पाहणी का करायची?

याचं उत्तर शोधायला सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. कोल्हापूर-सांगलीकडे जा.

साखर कारखान्याचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलच्या आसपास पट्टा पडतो. त्यानंतर कारखान्यात ऊस नसतो, पण कारखाना झोपलेला नसतो. यंत्रं खोलतात, झिजलेले भाग बदलतात, बॉयलर तपासतात. पावसाळ्यात मिल रोलरचं पूजन होतं, दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन होतं आणि मगच मोळी टाकली जाते. हंगामात रोलर बंद पडला, तर बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि तोडलेला ऊस वाळत जातो. म्हणून दुरुस्ती हंगामाबाहेरच करतात.

कोकणातही तेच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. त्या ६१ दिवसांत जाळी विणली जातात, इंजिन खोललं जातं, रंग लागतो. भर समुद्रात इंजिन बंद पडण्यापेक्षा किनाऱ्यावर ते खोलून बसणं कधीही चांगलं, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असतं.

लोखंडाच्या यंत्रासाठी आपल्याकडे ही शिस्त पिढ्यान् पिढ्या आहे. खंडेनवमीला आपण हत्यारं पुसून पूजतो. आता दसऱ्याला कॉम्प्युटरलाही हार घालतो. फक्त हार घालायच्या आधी तो खोलून बघत नाही.

पण मंदीत पैसे कुठे असतात?

हा प्रश्न बरोबर आहे आणि बहुतेक पाहण्या इथेच अडकतात. मंदीत वेळ असतो, पण गल्ल्यात पैसा नसतो. सीझनमध्ये पैसा असतो, पण मान वर करायला वेळ नसतो. त्यामुळे 'कॉम्प्युटरचं बघू' हे वाक्य वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि शेवटी कॉम्प्युटर स्वतःच निर्णय घेतो. बंद पडून.

यावर उपाय एकच. पाहणी आणि खरेदी या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या.

पाहणीला पैसे लागत नाहीत. एक कागद, एक पेन आणि दुपारचे दोन-तीन तास असे काही दिवस लागतात. त्यातून एक यादी निघते. यातलं काय फुकटात आजच सुटेल, कशाला थोडे पैसे लागतील आणि कशाला मोठा खर्च आहे? फुकटातलं लगेच करून टाकायचं. थोड्या खर्चाचं सीझनच्या आधी. मोठ्या खर्चासाठी सीझनच्या कमाईतून रक्कम बाजूला काढायची आणि पुढच्या मंदीत ते काम करायचं.

उलट आधी खरेदी केली, तर काय होतं? विक्रेता जे विकायला आलाय ते आपण घेतो. नवा कॉम्प्युटर येतो, पण बॅकअप नसतोच आणि पासवर्ड अजूनही सोडून गेलेल्या मुलाकडेच असतो.

प्रत्येकाची मंदी वेगळी

मंदीचा काळ सगळ्यांचा एकच नसतो. सराफ आणि गाड्यांच्या शोरूमसाठी पितृपक्ष. मंगल कार्यालय, केटरर, मंडपवाले यांच्यासाठी चातुर्मास आणि अधिक महिना. एसी-कूलर विकणाऱ्यांसाठी पावसाळा. वह्या-पुस्तकांच्या दुकानासाठी शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना उलटल्यानंतरचा काळ.

तुमचा काळ ओळखायची सोपी पद्धत म्हणजे गेल्या दोन वर्षांच्या विक्रीचा महिनावार आकडा बिलिंगमधून काढणे. सगळ्यात लहान आकडा ज्या महिन्याचा, तो महिना पाहणीचा. आणि हा आकडा तुम्हाला काढता आला नाही, तर पाहणीतला पहिला मुद्दा सापडला असं समजा.

मग बघायचं काय?

पाच गोष्टी. क्रमही हाच ठेवा, कारण पहिल्या दोन फुकटात होतात आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यांच्यामुळेच होतं.

१. चाव्या कोणाकडे आहेत?

दुकानाच्या शटरची चावी कोणाकडे आहे हे आपल्याला झोपेतही सांगता येतं. आता हे सांगा: जीएसटी पोर्टलवर कोणाचा मोबाईल नंबर आणि ईमेल आहे? गूगल मॅपवरचं तुमचं दुकान कोणाच्या खात्यावर आहे? वेबसाइट असेल तर तिचं नाव कोणाच्या नावावर घेतलंय? इन्स्टाग्राम पेज कोणाच्या फोनवरून चालतं?

अनेक ठिकाणी उत्तर येतं: सीएच्या ऑफिसातला नंबर, भाच्याचा ईमेल, जुन्या कामगाराचा फोन. यात कोणाचा वाईट हेतू असतो असं नाही. ज्या दिवशी नोंदणी केली, त्या दिवशी जो समोर होता त्याचा नंबर टाकला गेला. पण ओटीपी त्याच नंबरवर जातो. वापर बंद झालेला मोबाईल नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याच ग्राहकाला देते. मग तुमचा ओटीपी जातो एका अनोळखी माणसाकडे.

जीएसटी पोर्टलवर अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मोबाईल आणि ईमेल बदलण्याची सोय आहे. आत शिरण्याचे तपशीलच हाती नसतील, तर आपल्या क्षेत्रातल्या कर अधिकाऱ्याकडे कागदपत्रं घेऊन जावं लागतं. त्याला वेळ लागतो. म्हणूनच हे काम रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी करण्यासारखं नाही.

नियम साधा ठेवा. प्रत्येक खात्याचा मालक धंद्याचा मालक असावा आणि बाकीच्यांना फक्त वापरण्याचा अधिकार द्यावा. काम सोडून कोणी गेलं, तर हिशेब चुकता करतो त्याच दिवशी पासवर्डही बदलावा.

२. बॅकअप आहे, पण तो उघडतो का?

'बॅकअप आहे का?' असं विचारलं की बहुतेक जण 'हो' म्हणतात. कुठे आहे? त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये. म्हणजे कॉम्प्युटर जळला, चोरीला गेला किंवा व्हायरसने कुलूपबंद केला, तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदमच जाणार.

जगभर यासाठी एक साधा नियम वापरतात: तीन, दोन, एक. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक दुकानाच्या बाहेर. छोट्या दुकानासाठी याचा अर्थ असा, की एक प्रत बिलिंगच्या कॉम्प्युटरवर, दुसरी बॅकअप घेऊन काढून ठेवायच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी घरी किंवा क्लाउडवर. २०१९ आणि २०२१च्या महापुरात सांगली, कोल्हापूर, चिपळूणच्या बाजारपेठा पाण्याखाली गेल्या होत्या. दुकानाबाहेरची प्रत कशासाठी, हे तिथल्या व्यापाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

पण पाहणीत करायचं खरं काम पुढचं आहे. तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. कालचं शेवटचं बिल दिसतंय का? उधारीची यादी दिसतेय का? उघडून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नाही, ती फक्त आशा आहे.

इथे कायद्याचाही भाग आहे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. म्हणजे सहा वर्षं. तुमच्या कॉम्प्युटरचं वय किती?

३. कॉम्प्युटर अजून विंडोज १० वर आहे का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. ऐन दिवाळीच्या तोंडावर. कॉम्प्युटर चालतच राहिला, म्हणून अनेकांच्या लक्षातही आलं नाही. फरक असा पडला, की सुरक्षेतली नवी भोकं बुजवणारे अपडेट नेहमीसारखे येणं थांबलं.

ज्यांना वेळ हवा होता त्यांच्यासाठी कंपनीने वाढीव सुरक्षा अपडेटची योजना ठेवली. वैयक्तिक वापराच्या कॉम्प्युटरसाठी जाहीर केलेली त्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. संस्था आणि कंपन्यांसाठी वेगळी सशुल्क योजना आहे. ती तीन वर्षांपर्यंत घेता येते, पण पहिल्या वर्षी एका कॉम्प्युटरला ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट दर.

अपडेट न घेतल्याने काय होतं, हे २०१७ साली जगाने बघितलंय. विंडोजमधलं एक भोक बुजवणारा अपडेट १४ मार्चला आला होता. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणी मागणारा व्हायरस त्याच भोकातून शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर कुलूपबंद झाले. मधे जवळपास दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत 'नंतर करू' म्हणणाऱ्यांनाच फटका बसला. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आला आणि नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने थांबवलं.

आपला कॉम्प्युटर विंडोज ११ घेऊ शकतो का, हे मायक्रोसॉफ्टच्या 'पीसी हेल्थ चेक' या मोफत ॲपमधून कळतं. साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. पण घाई करू नका. अपग्रेडच्या आधी बिलिंगचं सॉफ्टवेअर, थर्मल प्रिंटर, बारकोड स्कॅनर आणि डिजिटल सहीचं टोकन नव्या विंडोजवर चालतं का, हे ते पुरवणाऱ्यांना विचारा. ही विचारपूस मंदीत करायची. सीझनमध्ये त्यांचाही फोन लागत नाही.

४. पैसे येण्याची वाट एकच आहे का?

ऑगस्ट २०२५मध्ये देशात एका महिन्यात यूपीआयचे व्यवहार पहिल्यांदाच २,००० कोटींच्या पुढे गेले. चहाच्या टपरीपासून सराफापर्यंत सगळे क्यूआरवर आहेत. पण त्याच वर्षी २६ मार्चच्या संध्याकाळी आणि १२ एप्रिलला यूपीआय देशभर अडखळलं होतं. काउंटरवर फोन धरून उभी असलेली माणसं त्या दिवशी अनेकांनी बघितली.

त्याआधी ३१ जुलै २०२४ला वेगळाच प्रकार झाला. सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणी व्हायरसचा हल्ला झाला. ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवते. खबरदारी म्हणून एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं बाजूला काढलं आणि सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले. इथे ग्राहकाची, दुकानदाराची किंवा त्या बँकांची चूक नव्हती. बँक ज्या कंपनीवर अवलंबून होती, तिथे बिघाड झाला होता.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. दोन वेगवेगळ्या बँकांच्या खात्यांवर दोन क्यूआर असू द्या. कार्ड मशीन असेल तर महिन्यातून एकदा चालवून बघा. गल्ल्यात सुट्टे पैसे ठेवा. काउंटरवरचा क्यूआर आपलाच आहे ना, हे रोज सकाळी एक रुपया पाठवून तपासा. आपल्या स्टिकरवर दुसऱ्याचं स्टिकर चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार घडतात. गिऱ्हाईकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे मिळाल्याचा पुरावा नाही, हेही काउंटरवरच्या नव्या मुलाला सांगून ठेवा.

५. भाडं कशाकशाचं भरतोय?

बँकेचं स्टेटमेंट काढा आणि दर महिन्याला, दर वर्षाला आपोआप जाणारे पैसे अधोरेखित करा. साउंडबॉक्सचं भाडं, एसएमएसचं पॅक, सीसीटीव्हीचं क्लाउड स्टोरेज, कधीतरी ट्रायल म्हणून घेतलेलं ॲप. आपोआप कापल्या जाणाऱ्या अशा हप्त्यांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की पैसे कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला सूचना यायला हवी. सूचना येते, पण ती येते त्या नंबरवर जो बँकेत नोंदलेला आहे. म्हणजे पुन्हा मुद्दा क्रमांक एक.

इथून वाचणारे पैसे लहान असतील. पण मंदीत हार्ड डिस्कसाठी पैसे कुठून आणायचे, याचं उत्तर अनेकदा याच यादीत सापडतं.

गिऱ्हाईकांचे मोबाईल नंबर लिहून घेता ना?

मग एक बाब आतापासूनच लक्षात ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांचा अवधी आहे, म्हणजे २०२७च्या मध्यापर्यंत. लगेच घाबरायचं कारण नाही. पण बिल करताना घेतलेले नंबर कुठे साठतात, कोण बघू शकतं आणि ते कशासाठी वापरले जातात, हे पाहणीच्या कागदावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी सोपं जाईल.

सायबर सुरक्षेसाठीची केंद्राची यंत्रणा सर्ट-इन हिने सप्टेंबर २०२५मध्ये सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी मूलभूत सायबर संरक्षणाच्या १५ बाबींची यादी काढली आहे. म्हणजे 'आपल्या छोट्या दुकानाकडे कोण कशाला बघेल?' हा समज सरकारी पातळीवरही आता मागे पडलाय.

'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?'

हे वाक्य पूर्ण चुकीचं नाही. चालू यंत्राला हात लावला की कधी कधी ते बंद पडतं, हा अनेकांचा अनुभव आहे. अपडेट टाकला आणि प्रिंटर रुसला, असं होतं.

पण म्हणूनच तर मंदीचा काळ. मंगळवारी दुपारी प्रिंटर रुसला, तर बुधवारी कॉम्प्युटरवाला येऊन बघेल. धनत्रयोदशीला रुसला, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. जोखीम दोन्हीकडे आहे. ती कधी घ्यायची एवढंच आपल्या हातात आहे.

मोठ्या कंपन्या याच कारणासाठी सीझनच्या आधी ठरावीक दिवस कोणताही बदल करत नाहीत. छोट्या दुकानानेही हा नियम पाळावा. सीझन सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी बदल बंद. त्यानंतर सुरक्षेचा तातडीचा अपडेट सोडून कशालाही हात लावायचा नाही.

आणि एक जुनी सोय जपून ठेवा. छापील बिलबुक. ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू नाही, म्हणजे ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या पुढे गेलेली नाही, त्यांना हाताने बिल करता येतं. नियमाप्रमाणे बिलांचे क्रमांक सलग हवेत, पण एकापेक्षा जास्त मालिका चालतात. कॉम्प्युटरची एक मालिका आणि बिलबुकाची वेगळी मालिका आधीच ठरवून ठेवली, तर लाईट गेली, कॉम्प्युटर बसला तरी विक्री थांबत नाही. मंदीच्या एका दुपारी कॉम्प्युटर मुद्दाम बंद ठेवून तासभर बिलबुकावर दुकान चालवून बघा. कुठे अडतंय ते लगेच कळेल.

यंदा घाई का?

आता २०२६चं कॅलेंडर बघा. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. लग्नसराईवर चालणाऱ्या धंद्यांना हा महिनाभराचा जास्तीचा विसावा आहे. तीन वर्षांतून साधारण एकदाच तो येतो.

त्यानंतर गणपती १४ सप्टेंबरला. पितृपक्ष सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून १० ऑक्टोबरच्या सर्वपित्री अमावस्येपर्यंत. घटस्थापना ११ ऑक्टोबरला. आणि विंडोज १०च्या वाढीव अपडेटची मुदत संपते १३ ऑक्टोबरला, म्हणजे नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी. दसरा २० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर.

गेल्या वर्षी तारीख सरकारने दिली होती आणि हातात १९ दिवस होते. यंदाची तारीख आधीपासून माहीत आहे. ज्यांचा कॉम्प्युटर विंडोज ११ घेऊ शकत नाही, त्यांना नवा घेण्यासाठी पैशाची सोय करायची आहे. ज्यांचा घेऊ शकतो, त्यांना प्रिंटर आणि सॉफ्टवेअर तपासायचंय. दोन्ही कामं अधिक महिन्यात सुरू केली, तर पितृपक्ष हातात राखीव राहतो. पितृपक्षात सुरू केली, तर हातात राखीव काहीच उरत नाही.

मामाने गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक काम केलं. शाळेच्या वहीचा एक कागद घेतला. त्यावर लिहिलं: कुठलं खातं कोणाच्या नंबरवर आहे, बॅकअपची हार्ड डिस्क कुठे ठेवली आहे, बिलिंगवाल्याचा आणि कॉम्प्युटरवाल्याचा नंबर, बँकेचा नंबर आणि ऑनलाइन फसवणूक झाली तर फिरवायचा १९३०. कागद तिजोरीत ठेवला आणि मामीला सांगितलं, "मी नसलो तरी दुकान उघडता आलं पाहिजे." पासवर्ड त्या कागदावर नाहीत. ते बंद पाकिटात वेगळे आहेत.

तुमच्या घरात, नात्यात कोणाचं दुकान असेल, तर हा लेख फॉरवर्ड करून थांबू नका. एखाद्या निवांत दुपारी जाऊन त्यांच्यासोबत तो कागद लिहायला बसा. मोबाईलमधलं तुम्हाला जास्त कळतं आणि दुकानातलं त्यांना. दोघं मिळून बसलात, तर दोन तासांत कागद भरेल. आणि त्यात जे रकाने रिकामे राहतील, ती तुमची या मंदीतली कामांची यादी.